मुलांना नोह आणि क्योगेनची ओळख: पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या मुखवट्यांच्या रंगभूमीविषयी कुतूहल असलेले, पण मुलांना ती कशी दाखवावी असा प्रश्न पडलेले पालक आणि शिक्षक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. जपानमध्ये राहणारी मराठी कुटुंबे, तेथे प्रवासाला जाणारी मंडळी आणि महाराष्ट्रात जपानी भाषा किंवा नाट्य शिकवणारे शिक्षक हे वाचक डोळ्यांसमोर आहेत.

नोह आणि क्योगेन म्हणजे नेमके काय? दोन्हींत मुखवटे असतात का?

नोह हे गायन, नृत्य आणि वाद्यवृंद यांच्या आधारे सादर होणारे गंभीर काव्यनाट्य आहे. चौदाव्या शतकात कानआमी (१३३३–१३८४) आणि त्यांचा मुलगा झेआमी यांनी, शोगुन (लष्करी शासक) आशिकागा योशिमित्सु यांच्या आश्रयाखाली, त्याला आजचे रूप दिले. क्योगेन हे त्याच रंगमंचावर, बहुधा दोन नोह नाटकांच्या मध्ये होणारे विनोदी संवादनाट्य आहे. या दोन्हींना मिळून नोगाकु म्हणतात, आणि युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून त्याची घोषणा केली.

नोहमध्ये मुखवटा प्रामुख्याने शिते, म्हणजे मुख्य नट, आणि त्याचे काही साथीदार घालतात. त्याच्यासमोर येणारा वाकी हा जिवंत पुरुष असतो, त्यामुळे तो मुखवटा कधीच घालत नाही. हा एक नियम मुलांना आधी सांगून ठेवावा. मग मुखवटा घातलेले पात्र रंगमंचाला जोडलेल्या पुलावरून येताना दिसले की ही तरुण स्त्री असेल, वृद्ध असेल, भूत असेल की देवता, याचा तर्क मुले आपणहून करू लागतात. क्योगेनमधील बहुतेक पात्रे उघड्या चेहऱ्याने वावरतात. तेथे मुखवटा मुख्यतः प्राणी, भुते आणि देव यांच्यासाठी राखलेला असतो.

काबुकी आणि नोह एकच का?

नाही. काबुकी सतराव्या शतकात उदयाला आली आणि तिच्यात मुखवट्याऐवजी रंगभूषा असते. लाल आणि निळ्या रेषांनी रंगवलेले जे चेहरे चित्रांत दिसतात ते काबुकीचे. मुलांनी आधी ती चित्रे पाहिली असतील तर हा फरक नाट्यगृहात जाण्यापूर्वीच सांगावा, नाहीतर ती रंगवलेल्या चेहऱ्याची वाट पाहत बसतात.

मुलांना कोणत्या वयापासून ओळख करून द्यावी?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर स्वतः झेआमी यांनी दिले आहे, आणि ते आजही लागू पडते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात लिहिलेल्या ‘फूशिकादेन’ या ग्रंथाचा पहिलाच भाग नटाच्या वयानुसार शिक्षण कसे असावे याविषयी आहे, आणि तो सातव्या वर्षापासून सुरू होतो. हे वय जुन्या जपानी गणनेतले आहे. आपल्या हिशेबाने ते मूल पाच-सहा वर्षांचे असते. झेआमी सांगतात की या वयातले मूल आपणहून जे काही करते त्यात त्याचा स्वतःचा असा एक ढंग असतोच, म्हणून त्याला मनासारखे करू द्यावे. हे चांगले, ते वाईट असे फार सांगत बसू नये, कारण जास्त टोकले तर मुलाचा उत्साह जातो आणि त्याची प्रगती तेथेच थांबते. गायन, हालचाल आणि नृत्य एवढेच शिकवावे. बारकाईचा अभिनय मुलाला जमत असला तरी शिकवू नये, असाही त्यांचा सल्ला आहे.

हा सल्ला नट घडवण्यासाठी असला तरी प्रेक्षक घडवतानाही मी तोच प्रमाण मानतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कथेचा अर्थ, बौद्ध तत्त्वज्ञान किंवा सौंदर्यविचार सांगण्याची काहीही गरज नाही. त्याच्या पायांना, आवाजाला आणि डोळ्यांना काहीतरी करायला द्यावे. अर्थ दहा-अकराव्या वर्षानंतर मूल स्वतः विचारते.

सुरुवात नोहपासून करावी की क्योगेनपासून?

जवळजवळ नेहमीच क्योगेनपासून. क्योगेनचा एक प्रयोग साधारण वीस ते तीस मिनिटांत संपतो, त्यातली माणसे ओळखीची असतात, आणि विनोद इतका शारीरिक असतो की शब्द कळले नाहीत तरी प्रसंग कळतो.

‘बुसु’ हे नाटक या दृष्टीने फार उपयोगी आहे. मालक बाहेर जाताना तारो काजा आणि जिरो काजा या दोन नोकरांना सांगतो की या पिंपात बुसु नावाचे जहाल विष आहे, त्याच्यावरून आलेला वारासुद्धा अंगाला लागला तरी माणूस मरतो. मालक गेल्यावर दोघांना राहवत नाही. वारा अंगावर येऊ नये म्हणून ते पंख्याने उलट दिशेला वारा घालत पुढे सरकतात. एक ओरडतो ‘आओगे, आओगे’, म्हणजे वारा घाल. दुसरा उत्तर देतो ‘आओगु झो, आओगु झो’, म्हणजे घालतो आहे, घालतो आहे. पिंपात साखर निघते, आणि ते ती सगळी फस्त करतात. मग मालकाचे मौल्यवान चित्र फाडतात, किमती वाडगा फोडतात, आणि तो परत येताच रडत सांगतात की वस्तू मोडल्या म्हणून आम्ही प्राण द्यायला विष खाल्ले, पण काही केल्या मरणच येईना. चित्र फाटण्याचा ‘सारारी, सारारी, बात्तारी’ आणि वाडगा फुटण्याचा ‘ग्वारारी, चीन’ हे आवाज नट तोंडानेच काढतात.

वर्गात किंवा घरी मुलांचे दोन गट करून ‘आओगे, आओगे’ आणि ‘आओगु झो, आओगु झो’ हा संवाद म्हणून घ्यावा, हातात कागदी पंखे द्यावेत. दहा मिनिटांचा हा खेळ झाल्यावर तेच मूल प्रयोग पाहताना ती ओळ येण्याची वाट पाहते. ‘काग्यू’ या नाटकातही अशीच संधी आहे: गोगलगाय कशी असते हे माहीत नसलेला नोकर एका तापसालाच गोगलगाय समजतो, आणि शेवटी सगळे जण ‘देन देन मुशी मुशी’ म्हणत ठेक्यात नाचत सुटतात. तिसरे नाव ‘काकी यामाबुशी’चे घ्यावे लागेल. झाडावर चढून तेंदूसारखी काकी फळे चोरणाऱ्या तापसाला मालक मुद्दाम कावळा म्हणतो, माकड म्हणतो, घार म्हणतो, आणि तापसाला प्रत्येकाचा आवाज काढावा लागतो. जपानमधील प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकातही हे नाटक घेतलेले आहे.

माझे मूल मुखवट्याला घाबरते. काय करावे?

लहान मूल हान्न्याच्या मुखवट्याला घाबरले तर त्यात काही बिघडलेले नाही. दोन शिंगे, फाकलेला जबडा आणि सोनेरी डोळे असलेला तो चेहरा भीती वाटावी म्हणूनच घडवलेला आहे. मुलाला भित्रे म्हणू नये आणि मुखवटा बळेच जवळ नेऊ नये.

भीती कमी होते ती मुखवट्याची पाठ पाहिल्यावर. मुखवटा मागून कसा पोकळ आहे, दोऱ्या कोठे बांधतात, छिद्रे किती लहान आहेत हे चित्रात किंवा प्रदर्शनात दाखवावे. मुखवटा हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडातून कोरतात, त्यावर शिंपल्यांची बारीक पूड सरसात कालवून तिचे थर देतात, आणि मग रंग भरतात. ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने पाहिली की मुलाला ती कोणीतरी केलेली वस्तू वाटू लागते. त्यानंतर हान्न्या कोण आहे ते सांगावे: मत्सराने आणि दुःखाने राक्षसीण झालेली स्त्री. हाच मुखवटा खाली झुकवला की रागापेक्षा दुःख जास्त दिसते, हे सात-आठ वर्षांच्या मुलांना नेमके कळते.

लाकडी मुखवट्यावर भाव कसे बदलतात? मुलांना हे कसे समजावे?

समजावण्यापेक्षा करून दाखवावे. को-ओमोते हा तरुण स्त्रीचा मुखवटा घ्या. त्याचे ओठ किंचित उघडे असतात, भुवया कपाळावर उंच काढलेल्या असतात, आणि चेहऱ्यावर ठाम असा कोणताच भाव नसतो. नट तो थोडा वर उचलतो तेव्हा प्रकाश गालांवर पडतो आणि चेहरा उजळतो. याला तेरासु म्हणतात. थोडा खाली झुकवतो तेव्हा कपाळाची सावली डोळ्यांवर येते आणि चेहरा खिन्न होतो. याला कुमोरासु म्हणतात. कागदाच्या लगद्याचा साधा मुखवटा करून, खोलीत वरच्या बाजूला एकच दिवा ठेवून, मुलांना तो हळूहळू वर-खाली करायला सांगावे. नाक, गाल आणि भुवयांचा उठाव असला पाहिजे, कारण सपाट पुठ्ठ्यावर सावली पडत नाही आणि प्रयोग फसतो. मुखवटा झटकन हलवला तर काहीच दिसत नाही, हेही मुलांच्या लगेच लक्षात येते, आणि नोह इतका संथ का या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळून जाते.

एवढ्या लहान छिद्रांतून नटाला दिसते तरी कसे?

फारच थोडे दिसते. मुखवटा चेहऱ्यापेक्षा किंचित लहान असतो, मोठ्या माणसाची हनुवटी खालून दिसत राहते, आणि बुबुळांच्या जागी जेमतेम छिद्रे असतात. पायाखालची जमीन दिसत नाही. म्हणूनच साधारण सहा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी रंगमंचाचे खांब महत्त्वाचे ठरतात. प्रेक्षकांच्या बाजूच्या एका कोपऱ्यातल्या खांबाला मेत्सुके-बाशिरा म्हणतात. नजर त्याच्यावर ठेवून नट आपण कोठे उभे आहोत हे ठरवतो. टाच न उचलता पाय जमिनीवरून सरकवत चालण्याची सुरिआशी ही पद्धतही अशा वेळी उपयोगी पडते.

मुलांसाठी हा सर्वांत आवडता प्रयोग ठरतो. पुठ्ठ्याच्या मुखवट्याला वाटाण्याएवढी छिद्रे पाडावीत, फरशीवर खडूने चौकोन आखावा, एका कोपऱ्यात खुर्ची ठेवावी आणि मोज्यांनी चालायला लावावे. आधी खुर्ची ठेवून, मग काढून. जवळ एक मोठा माणूस उभा असावा, आणि जिना किंवा काचेचे टेबल असलेली जागा टाळावी.

मुले स्वतः रंगमंचावर येतात का? ती मुखवटा घालतात का?

नोहमधील बालनटाला कोगाता म्हणतात, आणि तो मुखवटा घालत नाही. ‘कुरामा तेंगु’ या नाटकात फुले पाहायला आलेल्या मुलांचा एक घोळका येतो आणि थोड्याच वेळात निघून जातो. नोह घराण्यांतील अनेक मुलांचे पहिले पाऊल रंगमंचावर पडते ते या घोळक्यात. मला त्याहून विलक्षण वाटते ती ‘आताका’ आणि ‘फुना बेंकेई’ या नाटकांतली योजना. तेथे योशित्सुने हा प्रौढ योद्धा असूनही त्याची भूमिका मूल करते, त्यामुळे प्रेक्षकांचे लक्ष मुख्य नटावरून हलत नाही. आपल्याच वयाचा मुलगा सेनापती म्हणून इतका वेळ निश्चल बसलेला पाहून लहान प्रेक्षक ताठ होऊन बसतात.

क्योगेनमध्ये मात्र मूल मुखवटा घालते. ‘माकडाने सुरू होते आणि कोल्ह्याने संपते’ अशी क्योगेन नटाच्या शिक्षणाविषयी म्हण आहे. क्योगेन घराण्यातले मूल साधारण तीन ते पाच वर्षांचे असताना ‘उत्सुबोझारु’ नाटकात माकडाचा मुखवटा घालून पदार्पण करते. एका सरदाराला आपल्या बाणांच्या भात्यासाठी या माकडाचे कातडे हवे असते. मदारी रडत रडत काठी उगारतो, आणि माकड ती काठी हातात घेऊन, शिकवल्याप्रमाणे होडी वल्हवण्याची नक्कल करू लागते. ते पाहून सरदार विरघळतो. मुलांना दाखवण्यासाठी याहून चांगले नाटक मला माहीत नाही.

यामागाता प्रांतातील त्सुरुओका शहराजवळच्या कुरोकावा गावात व्यावसायिक नट नाहीत; तेथील शेतकरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या कासुगा देवळासाठी नोह करतात. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत होणाऱ्या ओगिसाई उत्सवात, रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांची सुरुवात एका लहान मुलाने जमिनीवर पाय आपटत केलेल्या विधीने होते.

भाषा समजत नसेल तर उपयोग काय?

नोहची भाषा मध्ययुगीन आहे आणि आजच्या जपानी मुलांनाही ती ऐकून समजत नाही. त्यामुळे या बाबतीत मराठी मूल त्यांच्यापेक्षा फार मागे नाही. कथा आधी मराठीतून, थोडक्यात आणि शेवटासकट सांगून टाकावी. शेवट कळला म्हणून नोहमधील रस कमी होत नाही. तोक्योतील सेंदागाया भागातल्या राष्ट्रीय नोह नाट्यगृहात आसनांच्या पाठीवर लहान पडदे आहेत आणि त्यांवर जपानी व इंग्रजी मजकूर येतो, पण मुलाने प्रयोगभर तेथेच वाचत बसू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मूल कंटाळले किंवा झोपले तर?

झोपू द्यावे. नोहचा एक पूर्ण प्रयोग एक ते दोन तास चालू शकतो, आणि मोठी माणसेही डुलक्या घेतात. सात-आठ वर्षांखालील मुलाला पहिल्या खेपेस पूर्ण कार्यक्रमाला नेऊ नये. क्योगेन आणि शिमाई, म्हणजे मुखवटा व वेशभूषा न घालता केलेला नृत्याचा छोटा भाग, एवढाच कार्यक्रम असेल तर तो निवडावा.

कोणती नोह नाटके मुलांसाठी योग्य आहेत? कोणती टाळावीत?

‘त्सुचिगुमो’ मध्ये राक्षसी कोळी योद्ध्यांवर कागदी तंतूंचे झोत फेकतो आणि रंगमंच पांढऱ्या जाळ्याने भरून जातो. ‘शाक्क्यो’ मध्ये सिंह नाचतात. ‘हागोरोमो’ शांत आहे, पण कथा सोपी आहे: मिहोच्या किनाऱ्यावरील पाइनच्या झाडावर एका मासेमाराला अप्सरेचे पिसांचे वस्त्र सापडते. वस्त्र आधी दिले तर ही नाच न करताच निघून जाईल, अशी शंका तो बोलून दाखवतो. ती म्हणते की शंका माणसांत असते, स्वर्गात खोटेपणा नाही. तो लाजून वस्त्र परत देतो. नऊ-दहा वर्षांची मुले या एका क्षणावर बराच वेळ बोलू शकतात.

‘सुमिदागावा’ मात्र लहान मुलांना दाखवू नये. पळवून नेलेल्या मुलाला शोधत आलेली आई नदीपाशी पोहोचते तेव्हा तो मरण पावलेला असतो, आणि त्याचे भूत थडग्यातून दिसते. हे नाटक झेआमी यांचा मुलगा मोतोमासा याने लिहिले. भुताच्या भूमिकेत मूल प्रत्यक्ष आणावे की नाही याविषयी बापलेकांत मतभेद होता. मूल न दाखवता प्रयोग अधिक प्रभावी होईल असे झेआमींना वाटत होते, मोतोमासाला ते जमणारे वाटत नव्हते. पंधरा-सोळा वर्षांच्या, नाटकात रस असलेल्या मुलांशी या वादावर चर्चा जरूर करावी.

वाद्यांविषयी काय सांगावे?

बासरी, खांद्यावर धरायचा कोत्सुझुमी, मांडीवर धरायचा ओत्सुझुमी आणि काही नाटकांत काठ्यांनी वाजवायचा ताइको एवढी चारच वाद्ये असतात. कोत्सुझुमीच्या कातड्याला ओलावा लागतो, म्हणून वादक मधूनच त्यावर तोंडाची वाफ सोडतो. ओत्सुझुमीचे कातडे उलट कोरडे ठणठणीत लागते, म्हणून प्रयोगापूर्वी ते निखाऱ्यांवर शेकतात. वादकांच्या ‘यो’ आणि ‘हो’ अशा लांबवलेल्या हाका ऐकून मुलांना हसू येते. हसू द्यावे, आणि नंतर सांगावे की याच हाकांवरून नट आणि वादक एकमेकांची लय धरतात.

या रंगभूमीचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. नोहच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, गिगाकु नावाचे मुखवटानृत्य कोरियामार्गे जपानमध्ये आले. त्याच्या जतन झालेल्या मुखवट्यांत कारुरा म्हणजे गरुड आणि बारामोन म्हणजे ब्राह्मण ही पात्रे आहेत.

दुसरा धागा मराठी मुलांना अधिक जवळचा आहे. ‘इक्काकु सेन्निन’ या नोह नाटकातला एकशिंगी ऋषी म्हणजे आपला ऋष्यशृंग, दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञात रामायणात भेटणारा. बौद्ध ग्रंथांतून ही कथा जपानला पोहोचली. नाटकात ऋषीने पर्जन्याच्या नागदेवतांना गुहेत कोंडल्यामुळे दुष्काळ पडतो. राजाने पाठवलेली सुंदर स्त्री त्याला मद्य पाजते, तिच्याबरोबर नाचता नाचता तो झोपी जातो, गुहा फुटते आणि पाऊस येतो. आजी-आजोबांकडून ऋष्यशृंगाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला हे नाटक आधी सांगितले तर नोह त्याला परका वाटत नाही.

जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाशी मात्र नोहचा ऐतिहासिक संबंध जोडू नये. बोहाडा पाहिलेल्या मुलाला मुखवट्यापुढे माणसे नमस्कार का करतात हे ठाऊक असते, आणि नोहचा नटही मुखवटा चढवण्यापूर्वी त्याला वाकून अभिवादन करतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

नाट्यगृहात कोठे बसावे आणि काय पाळावे?

समोरच्या आसनांना शोमेन म्हणतात आणि ती महाग असतात. मुलांना डाव्या बाजूची वाकी-शोमेन आसने जास्त आवडतात, कारण पात्रे ज्या हाशिगाकारी पुलावरून येतात तो तेथून जवळ असतो. कोपऱ्यातील आसनांसमोर खांब येतो. छायाचित्रे काढू नयेत, आणि टाळ्या वाजवायच्या असतील तर पात्रे निघून जाईपर्यंत थांबावे. अनेक प्रयोगांना शाळेत न जाणाऱ्या मुलांना प्रवेश नसतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी वयाची अट पाहून घ्यावी.

जपानमध्ये राहणाऱ्या आमच्या मुलांना शिकता येईल का? मुलींनाही?

येईल. नोहच्या मुख्य नटांची कांझे, होशो, कोम्पारु, कोंगो आणि किता अशी पाच घराणी आहेत, क्योगेनची ओकुरा आणि इझुमी अशी दोन. त्यांतील अनेक कलावंत हौशी विद्यार्थ्यांना शिकवतात. जपान सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या मदतीने पालक आणि मुलांसाठी पारंपरिक कलांचे वर्गही ठिकठिकाणी भरतात, त्यांची माहिती वॉर्ड कार्यालयात मिळू शकते. तोक्योच्या निशी-कासाईसारख्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथे चौकशी करावी. स्त्रियांना व्यावसायिक नोह कलावंतांच्या संघटनेत १९४८ पासून प्रवेश मिळाला, आणि हौशी वर्गांत मुली सर्रास शिकतात.

आम्ही महाराष्ट्रात आहोत. प्रयोग पाहण्याची सोय नसेल तर?

जपान कला परिषदेच्या संकेतस्थळावर नोह आणि क्योगेनविषयी चित्रे, ध्वनी आणि चित्रफिती इंग्रजीतूनही उपलब्ध आहेत. चित्रफीत तीन-चार मिनिटांहून जास्त एका वेळी दाखवू नये. आधी ‘आओगे, आओगे’ म्हणून घ्यावे, मुखवटा घालून चौकोनात चालवावे, दिव्याखाली चेहरा वर-खाली करून पाहू द्यावा, आणि मगच पडदा लावावा. वर्गात तीसएक मुले असतील तर मुखवटे पाच-सहाच करावेत. बाकीच्यांनी समोर बसून, चेहऱ्यावर सावली कधी आली ते हात वर करून सांगावे.